शिलकीची हाक

परवा नातीनं विचारलं, "आजी, मी आईच्या पोटात असताना दिवसभर काय करायचे गं?" तिची आई, म्हणजे माझी लेक, आतून म्हणाली, "आजीलाच विचार, ती विज्ञानाची बाई होती." आणि हसली. हसली, कारण तिला ठाऊक आहे की या विज्ञानाच्या बाईनं नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो धडा खळ लावून चिकटवून टाकला होता. मग तो एका मेंढीनं खाल्ला.

नातीला मी जे सांगितलं तेच तुमच्यासारख्या पोरापोरींसाठी लिहून ठेवते आहे. पण गोष्ट माझी नाही, धुरपदामायची आहे. गोष्टीत एखादं मूर्ख माणूस लागतं, तेवढ्यापुरती मी आहे.

नेकनूरच्या पुढं कच्च्या रस्त्यानं दोन कोस गेलं की ते गाव. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांची आठवण पक्की आहे. मी तेवीस वर्षांची, नवं लग्न, नवी नोकरी, नववीला विज्ञान. नवरा परळीला वीज केंद्रात, रविवारी यायचा तो कॉलरवर राखेची रेघ घेऊन. उरलेले सहा दिवस मी आणि माझी अक्कल. ती अक्कल किती होती ते ऐका.

माणसाचं बाळ पोटात कसं वाढतं, हा धडा सहा पानांचा होता. त्या काळी सगळेच शिक्षक तो धडा आला की "हा घरी वाचा" म्हणून पुढं सरकायचे. मला तेवढ्यानं समाधान होईना. घरी वाचला तर काय घ्या! म्हणून शाळेच्या पेटीतली बारा पुस्तकं काढली, गव्हाच्या पिठाची दाट खळ शिजवली, आणि ती सहा पानं एकमेकांना चिकटवून टाकली. वाळायला पुस्तकं खिडकीत ठेवली आणि हात धुवायला गेले.

परत आले तर गजांतून एक काळं तोंड आत. मेंढी डोळे मिटून चघळत होती. खळ लावलेली पानं तेवढी तिनं वेचून खाल्ली होती. सात पुस्तकांतला धडा गेला. बाकीचं भौतिक, रसायन तिनं शिवलंसुद्धा नाही.

तिच्यामागून तिची धनीण आली. उंच, काटक बाई, खांद्यावर घोंगडं, पायात पुरुषी वहाणा, हातात काठी. ती काठी कधी मेंढराला लागलेली गावात कुणी पाहिली नव्हती. तिला सगळं गाव धुरपदामाय म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, घरात एकटी, आणि साठ-सत्तर मेंढरं.

"बाई, तुमचा धडा माज्या मेंढीनं खाल्ला," ती म्हणाली. आवाजात माफी नव्हती, नुसती बातमी होती. "काय व्हतं त्येच्यात?"

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "ते… बाळाचं. पोटातल्या."

"मग मी सांगते की. त्येच्यात काय हाय."

मला वाटलं ती बोलून जाईल. ती दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला खरंच आली, काळतोंडीला घेऊन. हेडमास्तरांना त्याच वेळी बीडला फार निकडीचं काम निघालं. तास अंगणातल्या लिंबाखाली झाला. पोरं गोल बसली, मी सगळ्यांत मागं, वही उघडून, काहीतरी फार महत्त्वाचं लिहीत असल्यासारखी. त्या पानावर मी माझं नाव चाळीस वेळा लिहिलं होतं.

मेंढीच्या पोटाला हात लावायच्या अगोदर माय तो हात काखेत धरून बसली. थंड हात पोटाला लावायचा नाही, हा तिचा नेम होता. आतल्याला दचका बसतो, म्हणायची. ती कधी गाभण हा शब्द वापरायची नाही. पोटुशी मेंढी दिसली की म्हणायची, "ह्या दोघी."

मग तिनं कमरेच्या चंचीतून एकेक वस्तू काढून घोंगड्यावर मांडली. राळ्याचा एक दाणा. एक चिंचोका. एक लिंबू. शेवटी तान्ह्या कोकराएवढी लोकरीची गुंडाळी. हे तिचं पुस्तक.

"सुरवातीला डोळ्याला दिसत न्हाई. म्हैना भरला की एवढं," तिनं राळ्याचा दाणा बोटावर घेतला. "पर त्येवढ्यात बी, पान्याच्या पिशवीत, जीव धडधडाया लागतो."

आता मी न लाजता सांगते, कारण लाजण्यात माझं पुरेसं आयुष्य गेलं. आईची एक पेशी आणि बापाची एक पेशी मिळून एक होते, त्या एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि राळ्याच्या दाण्याएवढं होईतो त्याचं इवलं काळीज चालू झालेलं असतं. पुढच्या महिन्याला ते चिंचोक्याएवढं. तेव्हा त्याची बोटं बेडकाच्या पायांसारखी चिकटलेली असतात, मग हळूहळू सुटी होतात. शेपटासारखं एक टोक असतं, तेही जिरतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटाला लिंबाएवढं. हात, पाय, बोटं, नखांची सुरुवात, सगळं आपापल्या जागी. पुढचे सहा महिने मग मोठं व्हायचं आणि तयारी करायची. मेंढी हे सगळं पाच महिन्यांत उरकते. माय म्हणायची, मेंढराला वाटचाल हाय, त्येला नऊ म्हैनं परवडत न्हाईत.

कुसुम नावाची एक पोरगी होती, जिभेला हाड नसलेली. तिनं विचारलं, "माय, ते पान्यात ऱ्हातंय म्हनता, मग बुडत कावून न्हाई?"

"तुझ्या बेंबीला इचार," माय म्हणाली. पोरं हसली. माय हसली नाही. "तितं दोर व्हता. जेवन तितनं, श्वास तितनं. तोंडाचं काम भाईर आल्यावर. तुझं तर लईच वाढलंय."

तो दोर म्हणजे नाळ. नाळेचं दुसरं टोक वारेत असतं, आणि वार आईच्या पिशवीला चिकटलेली. आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू तिथून बाळाला जातो. मी हे परीक्षेत लिहून पहिली आले होते. पण त्या दुपारी तेहतीस पोरांनी आपापल्या सदऱ्याखाली हात घालून आपापली बेंबी चाचपली, ते मला जन्मात जमलं नसतं.

जाताना ती एक वाक्य बोलली, ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. "आत काय हाय ते आपल्याला भाईर आल्यावर कळतं. पर आतल्याला भाईरचं आधी कळतं."

याचा अर्थ मला तिच्या वाडग्यावर कळला. गावाच्या कडेला बोरीच्या काट्यांचं, मेंढरं कोंडायचं तिचं वाडगं होतं, माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी ती पोटुशी मेंढरं एका अंगाला घ्यायची, एकेकीच्या पोटाजवळ तोंड न्यायची आणि तिची ती हाक द्यायची, "हुर्र… याऽव, याऽव." हळू, कुजबुजल्यासारखी. रोज. कोकरू जन्मलं की ओल्या पायांनी उभं राहायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून कळपातल्या इतर कुणाच्या नाही, तिच्या हाकेला मान वळवायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'सवयीचा परिणाम'. खाली दोन रेघा ओढल्या.

पण त्या वाडग्यावर आणखी एक गोष्ट होती, जिच्याखाली मला रेघ ओढता येत नव्हती.

दिवस कलला की ती मोठ्यानं हाक द्यायची, माळावरून मेंढरं यायची, आत जायची. शेवटचं मेंढरू आत गेलं की ती काट्याचं झापड ओढायची, पण पुरतं नाही. हातभर फट ठेवायची. मग गावाकडं पाठ करून, नांदूरघाटच्या दिशेला तोंड करून, ती पुन्हा एकदा हाक द्यायची. तीच हाक, एकदाच. माळावर कुणी नसायचं. ती थोडी थांबायची, भाकरी उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढी. आणि मग फट बंद करायची.

गावातली पोरं तिला शिलकीची हाक म्हणायची. ती ऐकू आली की खेळ मोडायचा आणि सगळी घरात पळायची. कुसुम मला म्हणाली होती, त्या फटीतून काहीतरी आत जातं बाई, रोज. मी तिला अंधश्रद्धेवर पाच ओळी लिहायला लावल्या. आणि त्या संध्याकाळी स्वतःच्या दाराला आतून कडी घातली.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी माय माझ्या पायरीवर येऊन बसली. आत ये म्हटलं तर आली नाही. बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिली. मग बोलली, माझ्याकडं न बघता. तिला एकदाच दिवस गेले होते. आठवा महिना होता, कळप दिवाळीनंतर चाऱ्यासाठी खालच्या मुलखात निघालेला. नांदूरघाटच्या अलीकडं चालता चालताच कळा आल्या. पोरगा होता. रडला नाही. डोळे उघडले नाहीत. अर्धं घोंगडं फाडून त्यात गुंडाळला आणि एका बाभळीखाली ठेवला. सकाळी कळप पुढं न्यावाच लागला, दुसऱ्याच्या रानात मेंढरं किती थांबणार. तेव्हापासून दर साली जाता-येता ती त्या रानात एक रात्र मेंढरं बसवते. खतासाठी लोक मेंढरं बसवून घेतात आणि धान्य देतात. ती तिथं काही घेत नाही. "ऊब ऱ्हाती," एवढंच म्हणाली.

मग तिनं मान वर केली. "बाई, तुमच्या पुस्तकात आसंल म्हनून इचारते. त्येला ऐकू आलं आसंल का? माजा आवाज?"

पोरांनो, इथं नीट बघा, कारण मूर्ख माणूस इथंच येतं. त्या पुस्तकात कानाबद्दल एक ओळ नव्हती. मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द होते, ते म्हणता आले असते. पण लिंबाखालचा तो तास माझ्या मनात कुसळासारखा रुतलेला होता. निरक्षर बाईनं माझ्या पोरांना माझा धडा शिकवला होता आणि पोरं अजून तिचंच नाव घेत होती. मला एकदा जिंकायचं होतं.

"पोटात काही ऐकू येत नाही, धुरपदामाय," मी म्हणाले. "कान असतात, पण बंद असतात. मांजराच्या पिल्लाचे डोळे असतात ना, तसे."

"बंद," ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं इचारलं." ती उठली, घोंगडं झटकलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेंढरं आली, आत गेली. झापड ओढलं, पुरतं ओढलं. आणि मग काही नाही.

मी खिडकीत उभी होते. हाक यायची तेवढी जागा माळावर रिकामी राहिली. तुम्हाला सांगते, ती हाक भीती घालायची, पण ती रिकामी जागा त्याहून वाईट होती. खेळणारी पोरं त्या वेळेला आपोआप थांबायची, एकमेकांकडं बघायची आणि मग न पळता, हळूहळू, घरी जायची. मला रोज वाटायचं, माळावर कुणीतरी उभं आहे, झापडाकडं बघत, आणि आज फट का नाही हे त्याला कळत नाही. मी अंधश्रद्धेवर पाच ओळी लिहून बघितल्या. उपयोग झाला नाही.

पोटुश्या मेंढ्यांना मात्र ती अजून हाक द्यायची. मी एकदा धीर करून विचारलं, मग यांना कशाला?

"मेंढराचं येगळं आसंल, बाई. तुमी मानसाचं सांगितलं." आपल्यापेक्षा मेंढीचं नशीब बरं, एवढंच तिनं मान्य केलं होतं. माझ्यावर तिचा राग नव्हता. राग असता तर मला झोप लागली असती.

दिवाळीनंतर कळप खाली गेला, पावसाच्या तोंडाला परत आला, आणि तोवर मला दिवस गेले होते. अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वाटेत माय भेटली, माझ्याकडं एकदा वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आज दोघी का?" तेव्हापासून तिच्या बोलण्यातली 'बाई' जाऊन 'पोरी' आली. माझ्या दारात ताकाचा तांब्या यायला लागला. मी तो प्यायचे आणि तांब्या दोन-दोनदा घासून परत ठेवायचे.

चौथा सरल्यावर पोटात फुलपाखरू हललं. सहावा सरला. एका संध्याकाळी मी पायरीवर शेंगा फोडत होते. माळावरून तिची मेंढरांना बोलवायची हाक आली, आणि माझ्या पोटातलं पोर एकदम वळलं. टोपलीतल्या शेंगा खाली सांडल्या. मी स्वतःला म्हणाले, वात आहे. दुसऱ्या दिवशी हाक आली, पुन्हा वळलं. तिसऱ्या दिवशी मी आधीच पोटावर हात ठेवून बसले, काखेत धरून गरम केलेला. हाक आली. आतून ओ आली.

बीडला डॉक्टरीणबाईंकडं तपासणीला जायचंच होतं. तिथं मी आडून आडून विचारलं, माझ्या एका मैत्रिणीला शंका आहे म्हणून. बाई हसल्या. म्हणाल्या, ऐकतं की. साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकायला लागतं. सातव्यात डोळेही उघडतं, पण आत बघायला आहे काय, सगळा कारभार कानावर. तुझं काळीज ऐकतं, पोटातली गुरगुर ऐकतं, बाहेरचे आवाज पाण्यातून येतात तसे दबून येतात. आणि सगळ्यांत जास्त आईचा आवाज. तो बाहेरून तर येतोच, शिवाय तिच्या हाडांतून आतल्या आत पोचतो. मैत्रिणीला सांग, खुशाल बोल म्हणावं.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून नेकनूर येईपर्यंत रडले. शेजारच्या म्हातारीनं मला केळ दिलं. फाट्यावर उतरून घरी न जाता तशीच वाडग्यावर गेले. माय काळतोंडीच्या खुरातला काटा काढत होती.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "माय, मी खोटं बोलले होते. मला माहीत नव्हतं. ऐकू येतं. सहाव्यापासून. तुमचा आठवा होता. आईचा आवाज सगळ्यांत जास्त."

तिनं काटा काढला, बघितला, टाकून दिला. खूर खाली ठेवला. मला वाटलं ती मला काठी मारेल, आणि ती मारावी असं फार वाटत होतं.

"पर मी त्येला कवा बोलले न्हाई, पोरी," ती म्हणाली. "लाज वाटायची. कळपामागं दिसभर. त्येला एक शब्द न्हाई बोलले. मेंढरालाच हाका मारल्या नुसत्या."

तेव्हा मला कळलं की शिलकीची हाक मेंढरांचीच का होती. त्याला ओळखू येईल असा तिचा दुसरा आवाजच नव्हता.

"मग त्यानं त्याच ऐकल्या," मी म्हणाले. "रोज ऐकल्या."

तिनं काळतोंडीचा दुसरा खूर उचलला. त्या संध्याकाळी झापड पुरतं बंद झालं. दुसऱ्याही. मी खिडकीत थांबून थांबून कंटाळले. वाटलं, उशीर झाला. एकदा बंद सांगितलेले कान असे उघडत नसतात.

दिवाळी झाली आणि कळप पुन्हा खाली निघाला. मी शाळेच्या कोपऱ्यावर उभी होते, पोट हातात धरून. हे तिचं मला झालेलं शेवटचं दर्शन. पुढं मी बाळंतपणाला गेले, मग बदली घेऊन परळीला, आणि पुन्हा त्या गावात गेले तेव्हा वाडग्याच्या जागी कुणीतरी कांदा लावला होता. परळीत माझी लेक दोन-तीन महिन्यांची असताना दिवेलागणीला खेळता खेळता गप्प व्हायची आणि मान खिडकीकडं वळवायची. खिडकीबाहेर धुराड्याशिवाय काही नव्हतं. योगायोग. मी विज्ञानाची बाई आहे. पण त्या वेळेला मी दार हातभर उघडं ठेवायचे, सासूबाई डास येतात म्हणून ओरडायच्या तरी.

तर कळप निघाला. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरांची धूळ, त्या धुळीच्या मागं माय. माझ्याजवळून जाताना तिनं हात काखेतून काढला, माझ्या पोटावर टेकवला, आणि म्हणाली, "दोघी नीट ऱ्हावा." तेवढंच. काठी टेकत पुढं गेली. वळणावर काही मेंढरं शेतात शिरली होती, त्यांना तिनं हाक दिली, "हुर्र… याऽव, याऽव." ती आली. कळप सगळा रस्त्यावर जमला. एकही मागं नव्हतं.

ती थांबली. नांदूरघाटच्या बाजूला तोंड केलं आणि पुन्हा एकदा हाक दिली.

ती कुणाला होती हे मला ठाऊक होतं. माझ्या पोटातलीला ठाऊक नव्हतं. ती वळली, आणि तिनं ओ दिली.